ळ साठी दोन वर्तुळं

वडशाला नाटक कंपन्यांच्या बोर्डांच्या ओळीत
लोमेश भोयरचं ऑफिस. एक टेबल, सहा खुर्च्या,
कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलेल्या तारखा.
“नवं नाटक,” तो म्हणाला. “मंगळावरची सून.
अक्षर असं पाह्यजे का मंडईले जाणाऱ्या माणसानं
अंधारात पोस्टर पाहून ब्रेक मारला पाह्यजे.”

देते, म्हटलं.

चौकोन, वर्तुळ, पाव वर्तुळ.
चौथं काही घ्यायचं नाही, ही माझीच अट.
ट लगेच कबूल झाला.
ठ तर आधीपासूनच पुढच्या शतकातला.
ळ म्हणजे दोन वर्तुळं शेजारी शेजारी,
दांडी चोरीला गेलेली सायकल.
क मात्र ऐकेना.
त्याला एकीकडे पोट, दुसरीकडे सोंड,
आणि पाव वर्तुळात सोंड मावत नाही.
अठरा क केले.
एकोणिसावा बरा निघाला,
थोडासा बेडूक.

शिरोरेषा कापली. प्रत्येकाच्या डोक्यावर आपापला तुकडा,
मधे फट,
दोन बांध्यांमधल्या धुऱ्याएवढी.

प्रल्हाद निकुरे पेंटरनं ते गाडीच्या पत्र्यावर मोठं केलं
दोरा आणि खडूनं.
मी उंची मोजून दिली होती, सगळ्यांना सारखी.
तो मागं सरला, एक डोळा मिटला.
“गोल बुटका दिसून राह्यला, बाई.
त्याले जराक उतू जाऊ द्या.”
मोजपट्टी म्हणत होती सारखं आहे.
डोळा म्हणत होता नाही.
उतू जाऊ दिलं, सुतभर.

मग ट्युशनहून येणारं एक पोरगं
सायकलवर एक पाय टेकवून वाचायला लागलं:
“रवास… लोकाग्रहास्तव.”
रवास!
त्या रात्री र ची शेपटी ओढून
व च्या पोटाखाली शिवली.
सकाळी तेच पोरगं हुडकून आणलं.
“खास,” ते म्हणालं, आणि हात पुढे केला.
पाच रुपये दिले.

नाटक सोळा गावांत झालं.
अक्षर त्याच्याही पुढे गेलं.
मुखरू बोरकरच्या छापखान्यातून पेन ड्राइव्हवर बसून
धान काढायच्या मशीनवर, बोअरवेलच्या गाडीवर,
कबड्डीच्या जर्सीवर, पाठीवरच्या सातच्या वर.
तणनाशकाच्या चिठ्ठीवरही कुणी बसवलं, मुंगीएवढं,
तिथं ते मेलं.
पंधरा की पंच्याहत्तर, कुणाला कळेना.
अरे, हे दुरून ओरडायचं अक्षर आहे,
कानात सांगायचं नव्हे.

आणि फुलाबाई मेश्रामच्या तेरवीला
मंडपाच्या तोंडाशीच बॅनर:
काळाच्या पडद्याआड.
एक बेडूक, दोन चाकं,
आणि खाली फुलाबाई, डोक्यावर पदर,
रॉकेट सुटायची वाट पाहत असल्यासारखी.

मी पंगतीत बॅनरकडे पाठ करून बसले.
तिचा मुलगा बुंदी वाढता वाढता थांबला.
“अक्षर मस्त आहे ना जी?
मुखरूभाऊनं फुकट देलं.”
हो, म्हटलं. पत्रावळीवरचं वरण आवरलं.
क पाठीला दिसतच होता.

घरी येऊन विसावा काढला.
सोंडेपाशी अट थोडी मोडली आहे.
कुणाला सांगू नका.