टेस्टर आणि पान्याच्या मधे

रुवीतल्या दुकानात नौफल तिसरा कॅमेरा काढतो,
माझ्या तळहातावर ठेवतो, अंडं ठेवावं तसा.
सेन्सर, फोकस, दोन वर्षांची वॉरंटी...
मी नुसता खिसा दाखवतो.
डांगरीचा, उजवा. टेस्टर आणि पान्याच्या मधे
उरते तेवढी जागा.

मोठा आहे घरी. लग्नाच्या सुटासारखा
दोनदाच बाहेर निघालेला.
तो काढला की माणसं केस सारखे करतात.

मी लिफ्टवाला. दोन मजल्यांच्या मधे
अडकलेली माणसं काढतो. दार फटीएवढं उघडतं,
आधी चपला दिसतात,
मग कुणाचं तरी हसू,
पुढच्या सेकंदाला नसतं ते.

‘याला व्ह्यूफाइंडर नाही हं,’ नौफल प्रामाणिकपणे सांगतो.
नसू दे. एक डोळा मिटून बघायला
वेळ कुठे असतो?

एकशे नव्वद रियाल, दोन हप्त्यांत.
ऋजुताच्या फीचं गणित मनात एकदा,
परत एकदा.

बाहेर आलो. ऑगस्ट.
एसीतल्या काचेनं लगेच वाफ धरली.
पहिला फोटो सगळा पांढरा,
त्यात पांढऱ्याहून जरासा गडद नौफल,
दुपारचं शटर खाली ओढताना.

काच पुसली.
फोटो नाही पुसला अजून.