हवा चढली की

अशोक चौकामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
एप्रिलच्या बेचाळीस अंशांत
पडदे ओढून मी अंधार करते.
मल्लेशम बोद्दुल स्टुलावर पाय ठेवतात.
अंगठ्याशेजारी साडेचार महिन्यांची जखम,
नखांच्या कडांना अजून निळं.
एकोणचाळीस वर्षं रंगखान्यात.
ते निवृत्त झाले, नखं झाली नाहीत.

लेसरचा ठिपका कातडीवर उतरतो,
डाळिंबाच्या दाण्याएवढा.
"भाजंल का?"
नाही.
"मग करतंय काय त्ये?"

परीक्षेत लिहिलं होतं तसं सांगत जाते:
रक्तात लोह, लोहाला धरून प्राणवायू,
प्रकाशाचा कण येऊन आदळतो
आणि पकड सुटते.
त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही.
खाली माग खडखडतात, सकाळपासून तेच एक वाक्य.

मग तेच बोलतात.
"निळीच्या टाकीतनं लडी काढली ना बाई,
की पिवळी दिसती, हिरवट.
नवं पोरगं घाबरतंय. रंग चुकला म्हणतंय.
पिळायची. झटकायची. दांडीवर टाकायची.
हवा चढली की निळी. डोळ्यांदेखत.
रक्ताचं तसंच हाय काय?"

तसंच आहे.
हवा चढली की तांबडंलाल, उतरली की जांभळट.
मला पाच वर्षं लागली होती
आणि त्यांनी नुसते हात झटकले,
रिकामे, ओल्या लडीच्या वजनाने.

"आन् तुमचा दिवा ती हवा उतरवतो."
हो, थोडी.
"उतरवून ठेवतो कुठं?"

तोंडी परीक्षेत हे कुणी विचारलं नव्हतं.
बहुतेक सगळी तिथल्या तिथे परत चिकटते,
डबा विसरला म्हणून
गेटातूनच माघारी वळलेल्या कामगारासारखी.
एखादा कण मात्र पुढे जातो,
नळीची भिंत ओलांडून
जखमेच्या काठावर उपाशी बसलेल्या पेशीपर्यंत.
असं आम्ही मानतो.
"मानता?"
मोजतोय अजून.

पडद्यावरची रेषा उतरते.
अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. पंच्याऐंशीवर थबकते.
दिवा बंद केला की हळूहळू वर.
"एरुपु," ते पुटपुटतात,
मला येणाऱ्या चार तेलुगू शब्दांतला एक. लाल.

वहीत तारीख, खोलीचं तापमान, दहा मिनिटं.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू
म्हणून पेन तोंडात धरून खिडकीशी जाते,
पडदा जरा सारते.

खाली सावलीची कड सोडून
ते भर उन्हात उभे आहेत.
कापलेल्या कॅनव्हासच्या बुटातून
पाय मोकळा केलाय, पट्टी सैल केलीय,
आणि तो पुढे धरलाय
लडी वाळत घालावी तसा.

हाक मारायला हवी:
काका, ऊन वेगळं, हे वेगळं.
पाय खाली टेकू नका,
डांबर पेटलंय,
आणि तुमच्या तळव्याला ते कळत नाही.