जवळचा लोड

मांजलपुरातल्या आमच्या धाब्यावर
(गच्ची म्हणायचं कधी सुटलं, आठवत नाही)
आठ पाट्या बसवल्या, काळ्यानिळ्या,
दक्षिणेला तोंड करून,
पंगत बसलीय आणि वाढपी यायचाय अशा.

जुना मीटर तडवी पिशवीत घालून घेऊन गेला.
त्याच्या जागी हा.
एक आकडा आलेल्याचा, एक गेलेल्याचा,
बटण दाबलं की आळीपाळीनं दाखवतो.
एकतीस वर्षं मी युनिव्हर्सिटीत हिशेबखात्यात काढली,
वाटलं, चला, घरात कुणीतरी
माझ्या भाषेत बोलणारं आलं.

ध्रुमिलनं कागद उलगडून समजावलं,
घेतलेल्यातून दिलेलं वजा.
दिलेलं जास्त निघालं, तर वरच्या युनिटला सव्वादोन रुपये.
आणि मी घेते तेव्हा?
तेव्हा जो भाव असेल तो, बेन.
म्हणजे साखर उसनी देताना
वाटी मी शिगोशीग भरायची
आणि परत येताना बोटानं सपाट केलेली.
तो हसला. "पॉलिसी छे."

सातव्या पाटीवर तीन वाजता सावली येते,
रमणिकभाई पंचालांच्या टाकीची.
एक पाटी झाकली की सगळी ओळ मंदावते,
हेही ध्रुमिलनंच सांगितलेलं.
मी म्हटलं, टाकी चार फूट सरकवा.
ते म्हणाले, टाकी पहिली आली.
ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.
त्या उत्तरायणाला त्यांची चिक्की आली नाही.
माझा तिळगूळ डब्यात चिकटून बसला,
मार्चमध्ये पाण्यात भिजवून काढला.

एकदा विचारलं, दुपारी मी एकटी,
एक पंखा, एक फ्रिज,
उरलेली वीज जाते कुठे? जांबुव्याला?
"एटले दूर कशाला जाईल?
करंट आळशी असतो, बेन.
जो लोड सगळ्यांत जवळ, तिथे."
आणि त्यानं खांबाकडे बोट केलं.
एकच खांब. दोन तारा.
एक आमच्याकडे वळते, एक त्यांच्याकडे.

अडीच वाजता त्यांच्याकडे घरघंटी लागते.
बावीस वर्षं माझी दुपारची झोप
त्या घंटीनं दळून काढली,
सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनदा मी लेखी दिलंय.
आता तीच घंटी
माझ्या धाब्यावरच्या उन्हावर फिरते.
त्या युनिटचे ते कंपनीला सात मोजतात,
कंपनी मला सव्वादोन मोजते,
आणि अंतर सगळं मिळून एका भिंतीचं.
मधले पावणेपाच कुठे पडतात
ते मी विचारत नाही.
हिशेबखात्यात होते मी.

वैशाखात, भर दुपारी, लाइट गेली.
पाट्यांवर ऊन नुसतं ओसंडत होतं
आणि माझा पंखा थांबला.
लाइन मेली की इन्व्हर्टरही डोळे मिटतो,
खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून.
हे वाचलं होतं. पटलंही होतं.
तरी डोक्यावर एवढा सूर्य
आणि अंगाला घाम, हे वेगळं.

वर गेले. पलीकडे रमणिकभाई,
बनियनवर, पिठाचे हात.
"तमारी पण गई?"
"माझी पण."
त्यांना हे नवीन होतं. पाट्यांकडे बघत राहिले,
फसवलं गेलेल्या माणसाकडे बघावं तसे.
मग म्हणाले, बाजरी अर्धी राहिली घंटीत.
मी काही बोलले नाही.
टाकीची सावली सरकत आली,
सातव्या पाटीच्या कोपऱ्याला लागली.
दोघांनीही ती बघितली.

खाली कुठेतरी पंप सुरू झाल्याचा आवाज.
ते जिना उतरले, घंटी घरघरली.
माझा इन्व्हर्टर मात्र लगेच जोडून घेत नाही.
लाइन आली तरी पाच मिनिटं थांबतो,
पारखतो, ती टिकतेय का.
मी उन्हात उभी राहिले, त्याच्याबरोबर,
हिरवा दिवा लागेपर्यंत.