घूं

शाळेच्या लिलावात सोळा डॉलरला मिळाला
सिनेमाच्या प्रोजेक्टरचा आवाजाचा डबा.
करडा, कडांना गंजलेला.
आत दोन मोठे व्हॉल्व्ह, दोन धाकटे,
आणि पाय दुमडून मेलेली एक गांधीलमाशी.
याचा गिटारचा अ‍ॅम्प करायचा, एवढंच ठरलं होतं.
बाकीचं वाढत गेलं.

पहिला नियम: डावा हात खिशात.
बटण बंद केलं तरी साडेतीनशे व्होल्ट
कपॅसिटरमध्ये दबा धरून असतात,
विसरभोळ्या माणसाची वाट बघत.
मी विसरभोळा आहे.
त्या दिवशी हातातून उडालेला स्क्रू-ड्रायव्हर
मार्चमध्ये सापडला, भट्टीच्या मागे.

एम्पोरियमचा हिवाळा लांब.
डोंगर गावाच्या इतके अंगावर येतात
की तीन वाजताच तळघरात दिवा लागतो.
मी फीडबॅकची तार कापली: आवाज मोकळा झाला,
जरा उद्धटही.
कपॅसिटर बदलला: खर्जाचा चिखल.
पुन्हा बदलला: नुसता पत्रा.
तिसरा एका मेलेल्या टीव्हीतून उपटला,
तो बसला. का बसला, विचारू नका.
चायनीज जेवणाबरोबर आलेल्या लाकडी काडीनं
एकेक वायर हलवून बघायची,
ही इकडे, ती जरा तिकडे,
झोपलेल्या माणसाच्या कपाळावरची बट सारावी तशी.

पण घूं जाईना.

हीटरच्या तारांची वेणी घातली.
सगळं अर्थिंग एका बोल्टवर आणलं.
व्हॉल्व्ह बदलले, शिव्या बदलल्या.
स्वर थांबला की ती तिथेच,
दार न वाजवता आलेल्या माणसासारखी.

लव्हर्न आत्या धुण्याची टोपली घेऊन खाली आली.
वय सत्त्याऐंशी. ऐकू जवळपास नाहीच.
याच गावच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं तिनं भिंगाखाली, चिमट्यानं
ग्रिड बसवल्या; पांढरे हातमोजे, केसांवर जाळी.
"दिवसाला चारशे," ती सांगते,
"ऐकला एकही नाही."

शेवटच्या पायरीवर ती थबकली.
"कोण ओरडतंय इथे?"

कोणीच नव्हतं. स्पीकरच्या जागी
मी नुसता रेझिस्टर जोडला होता. खोली चिडीचूप.
मग लक्षात आलं: जेराल्डीनशी फोनवर बोलायला
कानातलं यंत्र तिनं टेलिफोनच्या खुणेवर टाकलं होतं
आणि परत फिरवायला विसरली होती.
हवेत जे कुणालाच ऐकू येत नाही,
ट्रान्सफॉर्मरभोवतीचं ते चुंबकाचं रान
थेट तिच्या कानात शिरत होतं.

मी तिला दोन्ही हात पाठीमागे धरायला लावले.
गळ्यातला क्रूस काढून ठेवला.
आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोडवून बाजूला केला
आणि त्याच्या रिकाम्या जागेवर
ती वाकली. वीतभर वर. कान खाली.
"मोठ्यानं. मोठ्यानं. देवा रे.
आता कमी...
थांब."
मान कललेली, डोळे मिटलेले.
"आता नाही."

तिच्या हनुवटीचा तो कोन
मी खडूनं पत्र्यावर उतरवला.
तो ना सरळ होता ना काटकोनात.
कुठल्याच नकाशात असा तिरका ट्रान्सफॉर्मर मी पाहिलेला नाही.
चार नवी भोकं पाडली. एक चुकलं, अजून दिसतं.

रात्री स्पीकर जोडला.
आत्यानं यंत्र जागेवर फिरवलं,
तरी विश्वास नसल्यासारखा
पेटीवर तळवा ठेवला.
मी जाड तारेवर एकच स्वर मारला
आणि मरू दिला, पूर्ण.
ती मात्र व्हॉल्व्हकडे बघत होती;
मोठ्या काचेत, तळाशी, निळसर धग.
"चाचणीचा हॉल वेगळा होता," ती म्हणाली.
"आम्हाला तिकडे जायची परवानगी नसे."

स्वर संपल्यावर मी कान लावला.
थोडी उरली होती, सुईच्या टोकाएवढी.
मी काडी उचलली.

"राहू दे की," आत्या म्हणाली,
"चालू आहे हे कळायला नको?"
आणि टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.