निळी मोकळी

ब्रेकर पाडला. तळघरात भट्टी
एक उसासा टाकून गप्प झाली.
आता माझ्याकडे तासभर आहे, फार तर दीड.
बाहेर उणे बावीस, आणि हिबिंगमधली ही लाकडी घरं
ऊब धरून ठेवतात, पण उधारीवर.

भिंतीवरची ती गोल चकती
माझ्या बापानं, एस्को निएमेलानं, बासष्टवर लावलेली.
तिच्यावर बोट ठेवायची कुणाची टाप नव्हती.
आई एकदा ती अडुसष्टवर नेऊन
खुशाल विणत बसली,
तेव्हा घरात दोन पारे एकदम चढले.
एक त्यानं लगेच उतरवला.
दुसऱ्याला तीन दिवस लागले.

झाकण ओढलं तसं निघालं.
आत करंगळीच्या पेराएवढी काचेची कुपी,
कुपीत पाऱ्याचा थेंब,
आणि तिला तोलून धरणारी पत्र्याची गुंडाळी.
गारठलं की गुंडाळी वळते, कुपी कलते,
थेंब घरंगळत जाऊन दोन टोकांना शिवतो,
खाली भट्टीला कळतं, वरच्यांना थंडी वाजतेय.
एवढंच. चाळीस वर्षं एवढंच.

तारा दोनच, लाल आणि पांढरी.
नव्याला तिसरी हवी. पुस्तिकेत तिला कॉमन म्हटलंय.
हार्डवेअरच्या दुकानात मार्लीस म्हणाली,
"जुन्याला भूक नव्हती गं,
ते नुसतं दार होतं, उघडायचं, मिटायचं.
ह्याला पडदा, ह्याला घड्याळ, ह्याला वायफाय.
ह्याला रोज खायला लागतं,
आणि आलेल्या विजेला परत जायला वाट लागते."
मग पावती फाडता फाडता,
"भिंतीत नसली, तर भिंत फोड."

भिंत फोडायची मनाची तयारी करून
मी केबल जराशी पुढे ओढली.
तपकिरी आवरणाभोवती
वेणीच्या शेपटासारखी
एक निळी गुंडाळून ठेवलेली.
टोक न सोललेलं. तिचं तांबं कुणी पाहिलेलं नाही.

तळघरात उतरले, टॉर्च दातांत.
भट्टीच्या दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं
फिल्टर बदलल्याच्या तारखा, एकाखाली एक,
ऑक्टोबर, जानेवारी, ऑक्टोबर, जानेवारी.
आई गेली तो जानेवारीही सुटलेला नाही.
आणि सगळ्यांत खाली फिनिशमध्ये,
जी त्यानं आम्हाला शिकवली नाही,
दोन शब्द.
फोनला विचारलं. फोन म्हणाला,
निळी मोकळी.

बस. का ते नाही, कुणासाठी ते नाही.
जेवताना "मीठ" सोडून ज्याच्या तोंडून
शब्द निघायचा नाही,
त्यानं एक तार जास्तीची ओढून ठेवली होती?
की दुकानात त्या दिवशी
तीनतारीच केबल शिल्लक होती?
विचारून उपयोग नाही.
तो आता नर्सिंग होममध्ये. तिथं सगळीकडे चौऱ्याहत्तर.
शर्टाची बटणं सोडून बसतो
आणि भिंतीवर तळवा फिरवत
काहीतरी शोधतो.

निळी सोलली. खाली सीच्या स्क्रूभोवती,
वर सीच्या खाचेत.
ब्रेकर चढवला. पडदा उजळला.
यंत्रानं विचारलं, घराचं नाव?
मी "नंतर" दाबलं.
तापमान? बोट बासष्टवर गेलं, मग अडुसष्टवर,
मग बराच वेळ कुठंच नाही.
शेवटी ते आपणहून पंचाहत्तर म्हणालं,
तेव्हा घाईघाईनं चौसष्ट केलं.
खाली ज्योत लागल्याचा धप्प आवाज आला.

पारा कचऱ्यात टाकता येत नाही.
चकती जॅमच्या बरणीत ठेवली, बरणी शेजारच्या सीटवर,
तिला पट्टा लावला,
आणि काउंटीच्या केंद्राकडे निघाले.
गोठून गोठून रस्ता उखडलेला. दर खड्ड्याला
थेंब घरंगळतो, दोन टोकांना शिवतो,
आणि तुटक्या तारांमधून
कुणाला तरी कळवतो, थंडी वाजतेय.

मी गाडीचा हीटर
एक घर पुढे सरकवला.