पाटीवरचे चार शब्द

दारावरच्या पितळी पाटीवर
माझ्या नावाखाली चारच शब्द:
भीती, निद्रानाश, मंत्रचळ, शोक.

आयलर्ट बूट न काढताच वाचत राहतो.
"पूल यात कुठे बसतो?"
तीस वर्षं फेरीबोट हाकली त्यानं.
फ्योर्डवर पूल झाला, बोट भंगारात गेली.
पलीकडे लेक राहते, सुन्निवा.

मी खुर्ची देत नाही. कोट चढवते.

पुलाच्या तोंडाशी वारा कान कुरतडतो.
"शंभरात किती?"
"नव्वद."
थांबायचं, पण मागं फिरायचं नाही,
एवढाच करार.
खाली भरती चढते आहे.
"आता?"
"नव्वदच. तू काय हवामानखातं आहेस?"
तक्त्यात हसण्याला रकाना नाही.

अकराव्या मंगळवारी, मधल्या खांबाशी,
तो कठड्यावरचा हात काढतो,
खिशातला वाळका मासा मोडून
अर्धा मला देतो.
मी विचारायचं विसरते.
"साठ," तोच म्हणतो, चघळत.
मग खाली बोट दाखवतो:
"इथून, बरोब्बर इथून
मी वळण घ्यायचो."

पाण्यावर काहीच नसतं.
आम्ही दोघं बघत राहतो.

संध्याकाळी त्याच्या फायलीवरचा पहिला शब्द
मी खोडत नाही.
शेजारी चौथा लिहिते,
पेन्सिलीनं.