लेट पलटण

मे महिन्यात सावद्याला प्लास्टिकलाही घाम फुटतो.
पारा सत्तेचाळीसच्या वर गेला
की तीस वर्षांच्या बाहुल्यांच्या अंगातून
चिकट तेल पाझरू लागतं,
मानेचा सांधा सैल होतो, रंग बोटाला येतो.
म्हणून माझी लेट पलटण
मी केळी पिकवायच्या चेंबरमध्ये ठेवतो,
सोळा अंशांवर, वरच्या फळीला.
खाली चारशे क्रेट, हिरवेगार.
हमाल विचारतात,
भाऊ, तुमचे पोरं पिकले का?

तुम्हाला नाही आठवणार ती.
टीव्हीवर सव्वापाचला लागायची, हिंदीत,
ओठ एकीकडे, बोलणं भलतीकडे.
सहा वीर, आणि सहाही उशिरा पोचणारे.
पूल पडून गेलेला, आग विझलेली,
राक्षस जेवून झोपलेला,
तेव्हा यांची फटफटी यायची धुरळा उडवत.
किटलीच्या डोक्याचा कप्तान उतरून विचारायचा,
कुणाचं काही राहिलंय का?
मग झाडू निघायचे.
कुणाची चप्पल, कुणाची कवळी, कुणाचा बोकड
शोधून देण्यातच बाकीचा भाग जायचा.
वर्गात एकालाही आवडायची नाही.
मारामारीच नाही, तर बघायचं काय?
मी बघायचो.
आणि शेवट मला एकाही भागाचा माहीत नाही,
साडेपाचला आमच्या फीडरची लाइट जायची.

कप्तान मिळाला भुसावळच्या बाजारात,
गंजक्या कुलपांच्या ढिगाऱ्यात, दहा रुपयांना.
झाडूवाली चोपड्याच्या एका दंतवैद्याकडे,
पेनांच्या भांड्यात उभी.
दोन दाढा काढून घेतल्या, तेव्हा दिली.
पोटात घड्याळ असलेला लंबू इंदूरहून आला, खोक्यासकट;
त्याचे किती मोजले ते घरात अजून सांगितलेलं नाही.
जुळ्या बहिणी एकाच वेळी आल्या,
त्यांचं तसंच असतं.
सहावा शिट्टीमास्तर.
त्याचा फक्त उजवा हात होता माझ्याकडे,
मुठीत शिट्टी धरलेला,
सुपारीच्या डबीत, अकरा वर्षं.

यंदा निंभोऱ्याला गाडी पंक्चर झाली
आणि सुभान तडवीच्या दुकानात, कॉम्प्रेसरवर,
तो उभा.
उन्हानं पार पांढुरका पडलेला.
उजवा हात कपाशीच्या काडीचा,
खांद्याला व्हॉल्व्ह ट्यूबचे चार वेढे,
टोकाला शिट्टी म्हणून सायकलचा एक छर्रा.
नऊ वर्षांचा होतो तवा केला, सुभान म्हणाला,
नजर टायरवरून न काढता.

दुसऱ्या दिवशी डबी घेऊन गेलो.
त्यानं हात पुसले, काडी सोडवली,
माझा हात बसवून पाहिला. टक्.
बसला की.
आम्ही दोघं बघत राहिलो.
झिजल्या अंगाला तो कोरा करकरीत हात
लग्नात मागून आणलेल्या कोटासारखा.
सुभाननं काही न विचारता तो काढला,
डबीत टाकला,
आणि दातांनी ताणून रबर पुन्हा गुंडाळलं.

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत
विचारायला कुणी भेटलंच नव्हतं.
शेवटी काय व्हायचं रे?

पालला मामाकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही चालायचा,
त्यानं सगळे भाग पुरे पाहिलेले.
काई नाई, म्हणाला,
सगळे खाली बसायचे अन् चहा पियाचे.
चहा कुठून?
कप्तानाच्या डोक्यातून. तो मान वाकवायचा.

पैसे त्यानं घेतले नाहीत. केळी घेतली,
तीही डागाळलेली निवडून.
घरी येताना मास्तर माझ्या खिशात होता,
काडी बाहेर, वाऱ्यात थरथरत.

जाणकार सांगतात, हात मूळचा हवा,
नाहीतर किंमत अर्धी.
असेल.
डबी मी फेकलेली नाही.

सुभान अधूनमधून येतो दुपारचा.
बाहेर आग ओतत असते.
आम्ही चेंबरचं दार लावून क्रेटवर बसतो,
स्टीलच्या फुलपात्रांत चहा,
वर सहाजण, पिकत्या केळ्यांचा वास.
उशीर झाला, म्हणतो तो,
आणि उठत नाही.